सहा चाकांची मिसळ

ट्रेलर घ्यायचा असं आम्ही दोघींनी कधी ठरवलं नव्हतं. ठरलं होतं ते एवढंच, की मिसळीचं पातेलं यापुढे मांडीवर घेऊन बसायचं नाही.

पातेलं वहिनींच्या मांडीवर असायचं. वहिनी माझ्या नात्यातल्या नव्हेत. त्यांचे यजमान सैन्यात हवालदार होते आणि दिल्ली कँटोनमेंटच्या क्वार्टरमध्ये ती मंडळी राहायची. गाव कऱ्हाडजवळचं. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवात त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या, तिथली मिसळ दोन घास खाल्ली आणि मला हळूच म्हणाल्या, "ताई, ही उसळ आहे. वर फरसाण टाकलंय." मी पुण्याची. मिसळीतलं आपल्याला कळतं असा माझा समज होता, आणि त्या वेळी मी तिसऱ्यांदा वाढून घेत होते.

पुढच्या रविवारी त्यांनी मला त्यांच्या घरी बोलावून मिसळ खायला घातली. त्यानंतर मी त्या विषयावर बोलणं सोडून दिलं.

त्याच सुमारास कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला होता आणि मी गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये बसून दुपारी काय करायचं याचा विचार करत होते. मुलगा बंगळुरूला, नवरा नोएडाच्या ऑफिसात. गुडगाव-नोएडाकडच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये शनिवार-रविवारी खाण्याचे मेळे भरतात. तिथे मोमो मिळतात, छोले-कुलचे मिळतात, बंगाली लोकांचे रोल मिळतात. मिसळ मिळत नव्हती. वहिनींनी रांधायचं आणि मी गाडी चालवायची, हिशेब ठेवायचा आणि गिऱ्हाइकांना हिंदीत समजावून सांगायचं की हे पावभाजीसारखं असतं पण पावभाजी नसतं, अशी वाटणी झाली.

पहिले काही महिने सगळं आमच्या गाडीतच मावलं. गाडी मोठी, डिझेलची. डिकीत शेगडी, सिलिंडर, टेबलं, कांद्याचं पोतं. मागच्या सीटवर पाव. पुढच्या सीटवर वहिनी, त्यांच्या मांडीवर टॉवेल आणि टॉवेलवर कटाचं पातेलं, झाकण ओढणीने बांधलेलं. स्पीडब्रेकर आला की मी म्हणायची, "वहिनी, आला." त्या पातेलं दोन बोटं वर उचलायच्या. एकदा मी सांगायला विसरले. साडी गेली, पण भाजलं नाही. वहिनी म्हणाल्या, "थंड झाला होता तसा." मी त्या दिवशी घरी येऊन ट्रेलर शोधायला लागले.

ट्रेलर आमच्या शेजारच्याच सोसायटीत निघाला. एका गृहस्थांनी त्यातून वॉफल विकून बघितले होते आणि नंतर ते नोकरीला परत लागले होते. दोन चाकांचा पत्र्याचा डबा, एका बाजूला वर उघडणारी खिडकी, मागे दार, पुढे दांडा. त्यावर डोळे असलेला एक हसरा वॉफल रंगवलेला होता. आम्ही त्यावर दोन हात रंग मारला. वॉफल गेला, डोळे मात्र उन्हात बघितलं की अजून दिसायचे.

नवऱ्याने कागदपत्रं तपासली. ट्रेलरला स्वतःची नंबरप्लेट आणि स्वतःची नोंदणी आहे हे बघून त्याला बरं वाटलं. मग त्याने गाडीचं मॅन्युअल काढलं. गाडी घेतल्यापासून ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर आलं नव्हतं.

"ही गाडी किती वजन ओढू शकते ते इथे दिलंय," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. दिलंय एवढंच सांगतोय. ट्रेलरचं वजन किती?"

"रिकामा आहे रे. पत्रा आहे नुसता."

"बिल्कुल," तो म्हणाला आणि मॅन्युअल पिशवीत परत घातलं. आमच्या घरात 'बिल्कुल' हा शब्द चर्चा थांबवायला वापरतात.

गाडीला मागे हूक बसवून घेतला. पहिल्या दिवशी मी ट्रेलर लावून सोसायटीच्या गेटातून बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत गेले. पुढे जाताना काही विशेष वाटलं नाही. मग वळून परत यायचं होतं, त्यासाठी थोडं मागे घ्यायला लागणार होतं, आणि तिथे कळलं की ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं होतं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. उजवीकडे फिरवलं की तो डावीकडे जातो, पण तोवर उशीर झालेला असतो आणि गाडी नि ट्रेलर कात्रीसारखे एकमेकांकडे वळलेले असतात.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही एका मोकळ्या प्लॉटवर सराव केला. वहिनी मागे उभ्या राहून हात करत होत्या.

"डावीकडे घ्या, ताई."

"तुमच्या डावीकडे की माझ्या?"

"ट्रेलरच्या."

ट्रेलरची डावी बाजू कुठली यावर आमचं एकमत झालं नाही. तासाभराने आम्ही ठरवलं की मागे घ्यायचंच नाही. मेळ्याच्या ठिकाणी पोहोचलं की हूक सोडायचा आणि दोघींनी ढकलून ट्रेलर जागेवर न्यायचा. लोक मदतीला यायचे. त्यांना वाटायचं गाडी बिघडली आहे.

असे चार-पाच मेळे पार पडले. ट्रेलरचा मोठा गुण असा की त्यात जागा होती, आणि जागा आहे म्हटल्यावर सामान वाढत गेलं. एकाच्या जागी दोन सिलिंडर आले. पाण्याचे वीस-वीस लिटरचे जार आले, आधी तीन, मग सहा. छोटा जनरेटर आला, कारण एका सोसायटीत वीज गेली होती. लोखंडी बाक आलं, कारण वहिनींच्या कमरेला उभं राहून त्रास व्हायचा. आणि शेवटी त्यांचा पाटा-वरवंटा आला. मिक्सरमधलं वाटण त्यांना पसंत नव्हतं, आणि मेळ्यात दगडावर वाटण वाटताना दिसलं की गर्दी जमते हे आमच्या लक्षात आलं होतं. लोक व्हिडिओ काढायचे. वहिनी त्यांच्याकडे बघायच्याही नाहीत.

सामान भरायचा क्रम ठरून गेला होता. माझ्या घरच्या हलक्या वस्तू, म्हणजे टेबलं, कागदी प्लेटा, फरसाणच्या पिशव्या, गाझियाबादलाच ट्रेलरमध्ये पुढे जायच्या. मग मी कँटोनमेंटच्या गेटापाशी यायची. तिथे वहिनी त्यांच्या घरचं सामान घेऊन रिक्षाने आलेल्या असायच्या आणि ते मागच्या दारातून आत जायचं. पातेली, कांदे, पाणी, पाटा. जे शेवटी आलं ते दाराशी. उतरवायलाही तेच सोयीचं होतं. त्या दिवसांत वहिनी एकदा ट्रेलरचा दांडा एका हाताने उचलून म्हणाल्या, "ताई, भरल्यावर हा हलका होतो बघा." मलाही ते चांगलंच वाटलं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. दर पंधरा दिवसांनी पंपावर हवा भरायची मला सवय होती. त्यात माझी कधी चूक होत नसे. मी पंपावर गाडी लावायची, पोरगा चार चाकांत हवा भरायचा, मी निघायची. ट्रेलर आल्यापासून माझ्याकडे सहा चाकं होती हे मला माहीत होतं. भरत मी चारच होते.

ते घडलं गुडगावला जाताना. मार्च संपत आला होता, ऊन तापायला लागलं होतं. कँटोनमेंटच्या गेटापासून वहिनींना आणि त्यांच्या सामानाला घेतलं आणि विमानतळाच्या बाजूने हायवेला लागलो. त्या दिवशी मेळा मोठा होता म्हणून दोन पातेली कट होता. वहिनी मला त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईची गोष्ट सांगत होत्या. त्या बाईंनी कुलर लावला तो असा की थंड हवा त्यांच्या घरात आणि पाणी वहिनींच्या दारात. मी ऐकत होते. रस्ता मोकळा होता, म्हणून मी नेहमीपेक्षा जरा जोरात होते.

फ्लायओव्हरच्या उतारावर उजवीकडून एक मोठी बस गेली. तिच्या वाऱ्याने गाडीला हलकासा धक्का बसला. मग तो धक्का परत बसला, बस पुढे निघून गेल्यावर. मग उलट्या बाजूने.

"ताई," वहिनी म्हणाल्या, "मागून कुणी ढकलतंय का?"

मी आरशात बघितलं. ट्रेलर डाव्या आरशात दिसला, मग नाहीसा झाला, मग उजव्या आरशात दिसला. आणि प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा जास्त दिसत होता. गाडीची मागची बाजू त्याच्याबरोबर ओढली जात होती. स्टिअरिंग माझ्या हातात होतं पण त्याचा काही उपयोग होत नव्हता. मी ब्रेक दाबला. त्याने ते हलणं आणखी वाढलं. मागची गाडी सतत हॉर्न वाजवत होती, जणू आम्ही हे मुद्दाम करत आहोत.

मग मी घाबरून दोन्ही पाय उचलून घेतले. ना ब्रेक, ना ॲक्सिलरेटर. स्टिअरिंग नुसतं सरळ धरून ठेवलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. गाडी आपोआप मंदावत गेली, आणि मंदावली तसं ते हलणंही कमी होत थांबलं. नंतर नवऱ्याने वाचून सांगितलं की अशा वेळी करायचं असतं ते नेमकं हेच. मी काहीही करायचं सोडून दिलं होतं.

डाव्या कडेला गाडी थांबवली, लाइट लुकलुकते केले. दोघी उतरलो. वहिनींनी मागचं दार उघडलं. दोन्ही पातेली आडवी झाली होती. कट छतापर्यंत पोहोचला होता. कांदे, बाक, पाण्याचे जार, सगळं लाल. पाटा मात्र होता तिथेच होता.

रबर जळल्याचा वास येत होता. मी वाकून बघितलं. ट्रेलरचा डावा टायर बसल्यासारखा झाला होता, हात लावला तर चटका बसला. त्याच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. नक्षी अजून खोल होती, त्या मानाने टायर नवाच म्हणायचा. पण कडेने बारीक चिरा होत्या, टाचेला भेगा पडतात तशा. टायर चालवून जसा झिजतो तसा नुसता उभा राहूनही म्हातारा होतो, आणि त्याच्या बाजूला त्याचं जन्मसाल छापलेलं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्या टायरचं साल मी शोधून वाचलं. आमचा मुलगा तेव्हा शाळेत होता.

रस्त्याच्या कडेला उभं राहून वहिनी पदराने हातावरचा कट पुसत होत्या. मी विचारलं, "लागलं का कुठे?"

"नाही."

"घाबरलात?"

"नाही वो. तुम्ही?"

"छे."

हळूहळू, अगदी सायकलच्या वेगाने, आम्ही सर्व्हिस रोडवरच्या टायरच्या दुकानापर्यंत गेलो. दुकानदाराने दोन्ही टायर बघितले आणि दोन्ही बदला म्हणाला. मग त्याने विचारलं, "वज़न कितना रहता है इसमें?"

मी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

"मतलब, क्या लोड करते हो आप लोग?"

"मिसळ," वहिनी म्हणाल्या.

त्याने मान हलवली. ते किती जड असतं याचा अंदाज त्याला येत नव्हता आणि आम्हालाही येत नव्हता. त्याने त्या मापात मिळणारा सगळ्यांत मजबूत टायर दिला आणि म्हणाला की याच्यावरही मर्यादा लिहिलेली असते, ती बघून घ्या. टायरच्या बाजूला मापानंतर एक आकडा असतो. तो किलोचा आकडा नसतो, पण कुठल्या आकड्याला किती किलो हे ठरलेलं असतं. मी वाकून तो आकडा वाचला आणि फोनमध्ये टिपून ठेवला.

मेळ्याला आम्ही गेलो. कट नसल्यामुळे मिसळ नव्हती. वहिनींनी कांदे धुऊन भजी तळली. संध्याकाळी त्यांना गेटापाशी सोडलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात फोन करते."

पुढच्या आठवड्यात फोन आला नाही. मी केला तर म्हणाल्या, गुडघा दुखतोय. त्याच्या पुढच्या आठवड्यातही गुडघाच होता. मी म्हटलं, "बरं झालं, माझीही जरा पाठ भरलीय." माझ्या पाठीला काहीही झालं नव्हतं. भाजी आणायला सुद्धा मी गाडी काढत नव्हते, ई-रिक्षाने जात होते. नवऱ्याने विचारलं तर मी सांगितलं की पार्किंग मिळत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी मेट्रोने कँटोनमेंटला गेले. आत जायला पास लागतो, त्यामुळे वहिनीच गेटाबाहेर आल्या. चालत आल्या, चांगल्या झपझप. गुडघ्याबद्दल मी विचारलं नाही. गेटासमोर चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर बसलो.

"वहिनी, मी खोटं बोलले," मी म्हटलं. "मी त्या दिवशी जाम घाबरले होते. अजूनही गाडीत बसवत नाही."

त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला.

"माझं लग्न नवीन होतं," त्या म्हणाल्या. "माहेरी चालले होते. धाकटी बहीण माझ्याबरोबर होती. वडापाची जीप. आत माणसं, टपावर माणसं, मागं फळीवर उभी. ड्रायव्हरच्या सीटवर तीन जण. गिअर शेजारचाच टाकायचा, ड्रायव्हर नुसता क्लच दाबायचा."

"किती जण होते?"

"कुणाला माहीत? नंतर पोलिसांनी मोजली." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मागचा टायर फुटला. जीप अशी शेपूट हलवायला लागली. परवा हलली ना, तशीच. एकदा इकडं, एकदा तिकडं. मला वाटलं थांबेल. मग आडवी झाली."

मी माझा कप बाकावर ठेवला.

"मला काही झालं नाही. बहिणीची मांडी मोडली. पाय आखूड झाला, दोन बोटांनी. तिचं लग्न व्हायचं होतं. बघायला यायचे ते लोक तिला चालून दाखवायला सांगायचे. असे चार-पाच जण आले. मग तिनंच बंद करायला लावलं. आता अंगणवाडीत आहे. बरी आहे. मला म्हणते, तुझ्यापेक्षा बरी आहे."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? तुम्ही गाडी चांगली चालवता. मी पातेलं धरून बसत होते तेव्हा काही वाटायचं नाही. पुढचं सगळं दिसायचं. आता मागं काय चाललंय ते दिसत नाही."

आम्ही आणखी एकेक चहा घेतला. ट्रेलर विकून टाकू असं मी म्हटलं, अगदी मनापासून. वहिनींनी नकार दिला. त्या म्हणाल्या, "आधी मला वजन बघायचंय. माझ्या डोळ्यांनी. किती आहे ते कळलं की मग ठरवू."

ट्रक तोलायचा मोठा काटा असतो त्याला दिल्लीकडे धर्मकाँटा म्हणतात. आमच्या भागात गोदामांच्या रस्त्यावर एक आहे. त्या शनिवारी आम्ही ट्रेलर नेहमीसारखा भरला. पातेल्यांत कटाऐवजी पाणी. मी गाडी इतक्या हळू चालवली की हातगाडीवाला आम्हाला ओलांडून गेला. काट्यावर आमच्या पुढे रेतीचा ट्रक होता, मागे सळयांचा. खिडकीतल्या माणसाने आमच्याकडे आणि मग ट्रेलरवरच्या डोळ्यांकडे बघितलं.

"भरा हुआ है या खाली?"

"भरा हुआ."

"माल क्या है?"

या वेळी मी तयार होते. "घर का सामान," मी म्हटलं.

वहिनी गाडीतून उतरल्या आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या. मग परत आल्या. "रोज मी बसलेली असते ना? मग बसूनच होऊ दे." आत येऊन त्यांनी दार लावलं आणि सरळ पुढे बघत राहिल्या, डॉक्टरांकडे बीपी मोजताना बसतात तशा.

आधी गाडी आणि ट्रेलर मिळून वजन झालं. मग हूक सोडून नुसता ट्रेलर काट्यावर ठेवला. मागचा सळयांचा ट्रक थांबून राहिला होता. त्याचा ड्रायव्हर खाली उतरून आला आणि काही न विचारता आमच्याबरोबर ट्रेलर ढकलू लागला. आकडा आला. नव्या टायरांना तो झेपणारा होता, जुन्यांना कदाचित झेपत नसावा. पण गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा तो जवळजवळ दीडशे किलो जास्त होता. "रिकामा आहे, पत्रा आहे नुसता," हे मी कुणाला म्हटलं होतं ते मला आठवलं. घरी नवऱ्याला आकडा सांगितला तेव्हा त्याला ते आठवलं नाही, किंवा त्याने तसं दाखवलं.

त्याच दुपारी आमच्या सोसायटीच्या तळघरात दुसरं वजन झालं. नवऱ्याने वाचून काढलं होतं की ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या दांड्यावर, म्हणजे हुकावर यायला पाहिजे. त्याहून फार कमी आला तर ट्रेलर शेपूट हलवतो. फार जास्त आला तर गाडीची मागची बाजू दबते आणि पुढच्या चाकांची पकड सुटते. हे मोजायला बाथरूममधला वजनकाटा चालतो. आमच्याकडे तो होता. दिवाळीनंतर त्यावर कुणी उभं राहिलेलं नव्हतं.

काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला, ठोकळ्यावर ट्रेलरचं नाक. काट्याने सात किलो दाखवले.

"सात?" नवरा म्हणाला. त्याने काटा उचलून खालून बघितला, परत ठेवला. परत सातच.

"म्हणून तो हलका व्हायचा," वहिनी म्हणाल्या. "सगळं ओझं मागं. पुढं नुसत्या प्लेटा."

मग सामान काढायला सुरुवात झाली. एक सिलिंडर गेला. पाण्याचे चार जार गेले, पाणी मेळ्यातही मिळतं. जनरेटर गेला, बाक गेलं आणि त्याच्या जागी घडीचं स्टूल आलं. मग वहिनी स्वतःच पाट्याकडे गेल्या. मी म्हटलं, तो राहू दे, दुसरं काहीतरी काढू. लोक त्याच्यासाठी येतात.

"लोक मिसळ खायला येतात," त्या म्हणाल्या. "वाटण मी घरून वाटून आणेन."

उरलेलं जड सामान चाकांच्या वर आणि जरा पुढे ठेवलं, पट्ट्यांनी बांधलं. पातेली कोपऱ्यात, एकमेकांना टेकून. काट्यावर नाक परत ठेवलं. आकडा पाहिजे होता तिथे आला. तळघरात येणारेजाणारे लोक थांबून बघत होते. सेक्रेटरींनी विचारलं की हे इथे रोज होणार आहे का. नवरा म्हणाला, "बिल्कुल."

त्यानंतर आम्ही वर्षभर मेळे केले. सामानाचा क्रम बदलला. आता मी आधी कँटोनमेंटला रिकामा ट्रेलर घेऊन जायची, वहिनींचं जड सामान आधी भरायची आणि प्लेटा नि फरसाण गाडीच्या डिकीतून मागे न्यायची. वेग साठच्या आत. सगळे ट्रक आम्हाला ओलांडून जायचे, काही जण वाकून बघायचे. निघण्याआधी वहिनी सहाही चाकांभोवती फिरून हात लावायच्या, अर्ध्या वाटेत चहाला थांबलो की परत. पहिल्या फेरीला त्यांनी संपूर्ण रस्ता आरशात बघितलं. उतार आला की त्या बोलणं थांबवायच्या. दिवाळीच्या आसपास एकदा उतार आला आणि गेला, आणि त्या कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलतच राहिल्या.

मग त्यांचे यजमान रिटायर झाले आणि ती मंडळी गावी गेली. मेळ्यांना आता नवरा माझ्याबरोबर येतो. तो हवा मोजायचं स्वतःचं यंत्र आणतो. कट त्याला जमत नाही, म्हणून आम्ही साबुदाणा वडे करतो.

वहिनींचा फोन येतो. गेल्या हिवाळ्यात आला तेव्हा त्यांनी सांगितलं की यजमानांनी ट्रॅक्टर घेतलाय, उसाच्या वाहतुकीला, मागे दोन ट्रॉल्या. कारखान्यावर मोठा काटा आहे, तिथे प्रत्येक खेप मोजली जाते, पण ती उसाच्या टनावर पैसे मिळतात म्हणून. जितकं जास्त तितकं चांगलं. ट्रॉलीला ते झेपतंय का हे तिथे कुणी विचारत नाही.

"मी विचारलं," वहिनी म्हणाल्या. "ट्रॉलीचे टायर बघितले. भेगा होत्या. ते म्हणाले, सगळे असेच चालवतात."

"मग?"

"मग म्हटलं, मी पण येते. बसले मडगार्डवर. भरलेल्या दोन ट्रॉल्या मागं, घाटाचा उतार, आणि मी पुढं बसलेली. सगळा रस्ता लोक बघत होते."

मडगार्डवर बसणंही नियमात बसत नाही असं मी त्यांना सांगितलं.

"माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. दुसऱ्या खेपेला परत बसायला निघाले तर म्हणाले, उतर, किती कमी करू सांग. मग वरचे तीन थर कमी केले. टायर नवीन घेतले, चार घेतले, बाकीचे पुढच्या हंगामात. मागं लाल पट्ट्या लावल्या चमकणाऱ्या. लोक हसतात. हळू चालवतात, म्हणून दिवसाला एक खेप कमी होते."

"ते चिडले नाहीत?"

"चिडले ना. दोन दिवस बोलत नव्हते. मग भूक लागली." मागून कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. "बहीण आलीय. आम्ही दोघी बाजारला चाललोय. ठेवते ताई, एसटी यायची वेळ झाली."